बँडची तासिका

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत बँड जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उभा राहतो आणि १६ ऑगस्टला कपाटात जातो. जानेवारीत त्याला पुन्हा दोन-तीन आठवडे बाहेर काढतात. प्रजासत्ताक दिन उरकला की परत कुलूप. मधल्या महिन्यांत ड्रमच्या दोऱ्या सैल पडतात, बिगुलाच्या तोंडाशी हिरवट थर चढतो, आणि गेल्या वर्षी ज्यांचा हात बसला होता ती मुलं दहावीत गेली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. यात कुणाला काही खटकत नाही, कारण बँडकडून शाळेची अपेक्षाच तेवढी असते. झेंडावंदनाला पाहुणे फाटकातून आत आले की दणका उडाला पाहिजे. तो उडतो. पाहुणे भाषणात बँडचं कौतुकही करतात.

या पुस्तिकेच्या दोन्ही लेखकांची तक्रार नेमकी या कौतुकाबद्दल आहे. त्यांतल्या एक संगीतशिक्षिका. परिपाठाच्या प्रार्थना पेटीवर बसवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. दुसरे लष्करी बँडमधून निवृत्त होऊन शाळेत आलेले क्लॅरिनेटवादक. दोघांची तालीम वेगळी, परिभाषा वेगळी, आणि मसुदा वाचताना जाणवतं की बऱ्याच पानांवर दोघं एकमेकांशी भांडलेही आहेत. एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत आहे. आपल्या शाळांच्या बँडकडे कार्यक्रमांची यादी असते, अभ्यासक्रम नसतो. मार्चपर्यंत मुलांना काय आलेलं असेल असं गणिताच्या बाईंना जूनमध्ये विचारलं, तर त्या सांगू शकतात. बँडच्या सरांना विचारलं, तर ते कार्यक्रमांच्या तारखा सांगतात. तीन वर्षं बँडमध्ये काढलेला मुलगा दोन धुना आणि एक चाल घेऊन बाहेर पडतो. तिसरी धून ऐकून किंवा वाचून स्वतःची स्वतः बसवणं त्याच्या आवाक्यात आलेलं नसतं. तीन वर्षांत एवढं तरी यावं, यासाठी काय करायला हवं याचा विचार पुढच्या पानांत आहे.

यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. बँड सहसा शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे असतो, कारण संचलन त्यांच्याकडे असतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शंभराहून जास्त पट असलेल्या उच्च प्राथमिक वर्गांना कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद केली. बँड यांतल्या कुणाच्या वाट्याचा, हे मोघमच राहिलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रमातले आणि अवांतर असे विषयांचे कप्पे नकोत असं म्हटलं आहे. ते वाचायला बरं वाटतं. पण वेळापत्रकात तासिका मुख्याध्यापक घालतात, धोरण घालत नाही.

हा विषय आपल्याकडे उपरा आहे, असा एक आक्षेप नेहमी येतो. पितळी वाद्यं इंग्रजांच्या पलटणींबरोबर आली, हे खरं. पण ती रुजायला दीडशेहून जास्त वर्षं मिळाली आहेत, आणि मुलांना वाद्यवृंदातून संगीत शिकवण्याचे दोन फार मोठे प्रयोग आपल्या अगदी जवळचे आहेत. पहिला गोव्याचा. पोर्तुगीज काळात तिथल्या गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत आणि चर्चचा मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. हेतू चर्चमधल्या गायनाचा होता. पण त्या शाळांतून वाचून वाजवू शकणाऱ्या माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या बाहेर पडल्या. पुढे त्यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली नावं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विस यांच्याकडे, आणि प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रंपेट वाजवणारे. म्हणजे आपल्या ज्या गाण्यांना आपण अस्सल देशी समजतो, त्यांच्या मागे एका खेड्यातल्या शाळेची शिस्तशीर तासिका उभी आहे.

दुसरा प्रयोग मैहरचा. अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी कोलकात्यात लोबो नावाच्या गोव्याच्याच बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले होते. पुढे मैहर संस्थानात असताना, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, त्यांनी अनाथ मुलांना गोळा करून वाद्यवृंद बांधला. सतार, सरोद, व्हायोलिन यांच्या शेजारी बंदुकीच्या नळ्या कापून केलेला नलतरंग होता, आणि वाजत होते राग. मैहर बँड म्हणून तो आजही ओळखला जातो. आमच्याकडे वाद्यंच नाहीत, असं सांगणाऱ्या शाळांनी त्या नळ्या आठवाव्यात. खाँसाहेबांकडे पोरं होती आणि रोजचा रियाज होता. वाद्य त्यांनी मिळेल त्यातून घडवलं.

उलट्या बाजूचा धडा अमेरिकेतला आहे. तिथल्या शाळांत बँड पसरले ते पहिल्या महायुद्धानंतर. पलटणींतून परतलेले वादक शिक्षक झाले आणि वाद्यं बनवणाऱ्या कारखानदारांना नवं गिऱ्हाईक हवं होतं. १९२३ साली शिकागोत शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिच्यामागे या कारखानदारांचा मोठा हात होता. स्पर्धेनं बँडचा दर्जा वाढवला यात शंका नाही. पण स्पर्धेचे दोन-तीन तुकडे वर्षभर घोटायचे आणि बाकी काही शिकवायचं नाही, हा रोगही तिथूनच लागला, आणि त्यावर तिथले संगीतशिक्षक आजतागायत वाद घालत आहेत. आपल्याकडे आता प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते. ब्रास आणि पाइप असे गट, मुलांचे आणि मुलींचे स्वतंत्र. शाळांनी त्यात जरूर उतरावं. फक्त स्पर्धेचा तुकडा हाच वर्षाचा अभ्यास होऊ देऊ नये. लेखकांनी स्पर्धेला एक लहानसं परिशिष्ट दिलं आहे. माझ्या मते तेही थोडं लांबलंच आहे.

या अभ्यासक्रमाचा पाया गाण्यावर घातलेला आहे, आणि पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो. पहिल्या वर्षीचे पहिले सहा आठवडे मुलांच्या हातात वाद्य द्यायचंच नाही. टाळी, पाऊल आणि सरगम. हंगेरीच्या झोल्तान कोडाय यांनी आपल्या देशातल्या शाळांसाठी हाच आग्रह धरला होता: जे गाता येतं तेच वाद्यावर यावं. त्यांना त्यासाठी सरकता 'दो' रूढ करावा लागला. आपल्याकडे सा कुठेही धरायची सवय पाळण्यापासूनची आहे. ही आयती पुंजी सोडून शिक्षक पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात ट्रंपेट देतात आणि बोटं पाठ करून घेतात. मग त्या मुलाला तिसरी कळ दाबली की काय होतं ते कळतं, पण आपण बेसूर आहोत हे कळत नाही. बोटांनी शिकलेलं गाणं एकदा मध्ये अडखळलं की पुन्हा सुरुवातीपासूनच धरावं लागतं. ऐन संचलनात हे घडतं तेव्हा सरांचा चेहरा बघावा.

सातव्या आठवड्यात रेकॉर्डर येतो, आणि इथे दोन्ही लेखकांचं भांडण कामी आलेलं दिसतं. बाजारात मिळणाऱ्या साध्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डरचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे पेटीवरची पांढरी एक. साहजिकच नवा शिक्षक तिथेच सा धरतो. त्यात दोन अडचणी आहेत. सगळी भोकं एकदम बंद करावी लागतात आणि लहान बोटांना ते जमत नाही. शिवाय सा च्या खाली जायला जागाच उरत नाही. लेखक सा धरतात पांढरी पाचवर. आता सा, रे, ग, म हे चारही स्वर एकट्या डाव्या हातात येतात. राष्ट्रगीताची सुरुवात याच चार स्वरांत बसते, म्हणून महिन्याभरात मुलांना ती वाजवता येते आणि घरी जाऊन दाखवताही येते. पण ओळ पुरी व्हायच्या आतच मंद्र निषाद लागतो, त्यासाठी उजव्या हाताची अडनिडी बोटं घ्यावी लागतात. आणि शेवटच्या जयघोषाला थेट तार षड्ज. आपण ज्याला मुलांचं पहिलं गाणं समजतो त्याचा आवाका सप्तकाहून मोठा आहे. म्हणून या अभ्यासक्रमात अख्खं राष्ट्रगीत पहिल्या वर्षाच्या शेवटी येतं, १५ ऑगस्टला नाही. त्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलांनी ते गावं आणि वरच्या वर्गांनी वाजवावं. ते ५२ सेकंदांत संपलं पाहिजे, हा हिशेबही तिथेच घड्याळ लावून शिकवलेला आहे. ताल शिकवायला याहून चांगली सबब नाही.

वाद्याच्या अंगात काय आहे ते पाहून गाणं निवडावं, हे साधं तत्त्व. पण ते किती पाळलं जात नाही याची उदाहरणं लेखकांनी मिश्कीलपणे दिली आहेत. बिगुलाचंच घ्या. त्याला कळा नाहीत, भोकं नाहीत. ओठ आणि फुंक यांच्या जोरावर जेवढे स्वर निघतात तेवढेच. व्यवहारात ते पाच: सा, प, तार सा, तार ग, तार प. रे नाही, म नाही, ध नाही. या वाद्यावर सलामी होते, इशारे होतात, आणि पाच-सहा मुलांत वाटून केलेली सुंदर सवाल-जवाबाची रचना होऊ शकते. गाणं मात्र होत नाही. तरी बिगुलांचं पथक असलेल्या शाळा दरवर्षी त्यांच्याकडून गाणं वाजवून घ्यायचा प्रयत्न करतात, आणि मग ड्रमचा आवाज वाढवून ते झाकतात.

बॅगपाइप त्याहून मजेशीर. नऊ स्वर, आवाज लहान-मोठा करायची सोय नाही, श्वास घ्यायला मध्ये थांबायची सोय नाही. पण त्याच्या पिशवीला जोडलेल्या नळ्या सतत एक आधारस्वर धरून असतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे वाद्य परकं वाटायचं कारणच नाही. त्या आधारस्वराला सा मानलं तर निषाद कोमल येतो आणि बाकी सगळे शुद्ध. म्हणजे खमाज थाट. गांधीजींचं आवडतं 'वैष्णव जन' खमाजातलं, ते पाइपवर सहज बसतं. शुद्ध निषादावर विसंबलेली गाणी त्याच सा मधून वाजवायला गेलात तर ऐन मोक्याच्या जागी घसरतात. संगीतशिक्षिकेनं हे एका परिच्छेदात सांगितलं आहे आणि खाली निवृत्त बँडवादकांची टीप आहे की इतकी वर्षं आम्ही हे हातानं जाणत होतो, नाव माहीत नव्हतं. पुस्तिकेतली मला सर्वांत आवडलेली जागा ही.

तिसरी गफलत पट्टीची. प्रार्थना पेटीवर बसवलेली असते, बाईंना सोयीची जी पट्टी असेल तीत. त्याच प्रार्थनेला ट्रंपेट आणि क्लॅरिनेटची साथ द्यायची ठरते. आता ही दोन्ही वाद्यं ज्याला आपला पहिला स्वर म्हणतात, तो पेटीवरचा काळी पाच असतो. आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोन. त्यामुळे बाईंनी गाणं पांढरी तीनमध्ये धरलं, तर शिकाऊ ट्रंपेटवाल्याच्या कागदावर सहा शार्प चढतात आणि त्याचा त्या दिवशीच वाद्यावरचा विश्वास उडतो. काळी पाच धरली तर त्याच मुलाला सगळं सोपं. शाळेच्या प्रार्थना, राष्ट्रगीत आणि २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेलं, राजा बढे यांनी लिहिलेलं आणि श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा', या सर्वांच्या पट्ट्या पेटी आणि बँड यांनी मिळून जूनमध्येच ठरवाव्यात, असं इथे सुचवलं आहे. यासाठी पैसे लागत नाहीत. संगीताच्या बाईंनी आणि बँडच्या सरांनी एकदा एका खोलीत बसायला हवं.

ताल हा आपल्या शाळांचा अभिमानाचा प्रांत. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि या शाळांच्या नावाची ढोलपथकं उभी राहिली आणि विसर्जनाच्या मिरवणुकीची ओळख बनली. लेझीम तर गावोगावच्या शाळेत आहे. त्यामुळे साइड ड्रम शिकवण्याची गरज कुणाला वाटत नाही, ताकदीचं पोरगं बघून काठ्या हातात देतात. पुस्तिका इथे कडक आहे. पहिलं सत्र ड्रमवर नाही, जुन्या टायरच्या तुकड्यावर. उजवा-डावा सारख्या वजनाचा पडेपर्यंत वेग वाढवायचा नाही. मग दुहेरी ठोके, मग रोल, मग उ-डा-उ-उ, डा-उ-डा-डा. तबल्याचे बोल येणाऱ्या मुलांना बरोबरीची लय आणि दुगुन यांची कल्पना आधीच असते. त्यांना हे आठवड्यात कळतं, हातात यायला वर्ष जातं. संचलनात 'तेज चल'ला मिनिटाला १२० पावलं पडतात, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. बँड पुढे पळाला की मागची अख्खी शाळा पळते, आणि सैनिकाचं तीस इंची पाऊल सहावीतल्या पोराला टाकायला लावलं की रांग फाटते. म्हणून चालत वाजवणं दुसऱ्या वर्षापर्यंत पुढे ढकललेलं आहे. पहिल्या वर्षी चालायचं तेव्हा चालायचं, वाजवायचं तेव्हा उभं राहून वाजवायचं.

आवाजाबद्दल एक पान आहे, ते मुख्याध्यापकांनी नक्की वाचावं. पत्र्याच्या छपराखाली बंद खोलीत दहा ड्रम तासभर वाजवणं मुलांच्या कानांना घातक आहे. कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा अनेक देशांत धरली जाते. खोलीतला ड्रम ती सहज ओलांडतो. सराव झाडाखाली घ्या, रबरावर घ्या, तुकड्या पाडा. ताशाच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलाची जागा बदलत राहा.

कुणाला कुठलं वाद्य, हा प्रश्न आपण उंची आणि दंडाची जाडी पाहून सोडवतो. लेखक दात पाहायला सांगतात. पितळी वाद्याचा सगळा भार पुढच्या दातांवर पडतो. दुधाचे पडून कायमचे पुरते येईपर्यंत ट्रंपेट देऊ नये, आणि दातांना तार लावली असेल तर मुलाशी आणि दंतवैद्याशी बोलून ठरवावं. क्लॅरिनेटला बोटांची पेरं भोकं झाकतील एवढी हवीत. प्रत्येक मुलाला तीन वाद्यं आठवडा-आठवडा हाताळू द्यावीत आणि मग ठरवावं. मुलींच्या बाबतीत मी लेखकांहून जास्त ठाम आहे. मिश्र शाळांत मुलींच्या वाट्याला ट्रायँगल, झांज आणि लेझीम येतात. ट्रंपेट आणि बास ड्रम मुलांकडे जातात, आणि हे कुणी ठरवलेलंही नसतं. मुलींच्या शाळांचे संपूर्ण पाइप बँड राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात, तेव्हा फुफ्फुसांची सबब सांगू नये.

आता वर्षाच्या आखणीकडे. हा पुस्तिकेचा मुख्य भाग आहे, त्याचा तपशील मी इथे देणार नाही. तिची रीत मात्र सांगतो. लेखकांनी आधी आपल्या शाळेचं खरं वर्ष मांडलं: जूनमधला गोंधळ, श्रावणातल्या सुट्ट्या, सहामाही, दिवाळी, डिसेंबरचं स्नेहसंमेलन, फेब्रुवारीपासून ओस पडणारी मैदानं. त्यातून बँडला मिळणारे खरे आठवडे मोजले आणि मगच काय शिकवायचं ते ठरवलं. पावसाळ्यात कातडी ड्रम उतरतात, पितळ काळवंडतं. तेव्हा वाचन, गायन आणि रबरावरचा हात. दिवाळीनंतरचा कोरडा काळ फुंकवाद्यांचा. फेब्रुवारी-मार्च, जेव्हा कुठलाच कार्यक्रम नसतो, तो नवं काही शिकायचा सर्वोत्तम काळ, कारण कुणी ऐकायला येणार नसतं. आपल्या शाळांत नेमका हाच काळ वाया जातो. वाद्यांची साफसफाई हाही अभ्यासाचा भाग धरला आहे आणि तिला श्रेणी आहे: व्हॉल्व्हला तेल देता येतं का, रीड चिरली आहे हे ओळखता येतं का, स्वतःचा माउथपीस स्वतः धुतला का. मेरठच्या जाली कोठी भागात देशातली बरीचशी बँडवाद्यं बनतात. तिथून चांगलं वाद्य आणणं फारसं अवघड नाही, ते पाच वर्षं वाजतं ठेवणं अवघड आहे.

स्वरलिपीवरून लेखकांत जे जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलेलं नाही, आणि त्यांनी ते लपवलेलंही नाही. बाईंचं म्हणणं, सरगम लिहून तीन वर्षं आरामात निघतात. बँडवादकांचं म्हणणं, पाच रेघांची लिपी आली नाही तर मुलाला जगातला कुठलाच बँड पुढे घेणार नाही. पुस्तिकेत दोन्ही एकाखाली एक छापल्या आहेत. मी बाईंच्या बाजूचा. पण दुसऱ्या वर्षापासून पाच रेघा डोळ्यांखालून जाव्यात, हे मला मान्य आहे. लष्करी किंवा पोलीस बँडमध्ये भरती व्हायचं स्वप्न बघणारी पोरं आपल्या खेड्यांत आहेत, आणि तिथे वाचता येणं हीच पहिली चाळणी असते.

एका माणसाची आठवण मात्र पुस्तिकेनं आणखी ठळक करायला हवी होती. प्रत्येक तालुक्याच्या गावी लग्नाचा बँड असतो. पुण्याचा प्रभात किंवा दरबार यांसारख्या बँडना मिरवणुकीत मान असतो; बाकीच्यांच्या वाट्याला वरातीची घाई आणि हिशेबातली घासाघीस येते. या वादकांतले पुष्कळजण कागद न वाचता, एकदा ऐकून, तीन पट्ट्यांत गाणं काढतात. ऐन ऑगस्टमध्ये शाळा त्यांनाच बोलावते, पंधरा दिवसांत धून बसवून घेते, आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना मांडवाबाहेर उभं करते. त्यांना निदेशक म्हणून वर्षभर मानधनावर बोलवावं आणि मुलांसमोर 'सर' म्हणावं. ऐकून वाजवणं हा या अभ्यासक्रमाचा एक आधार आहे, आणि ते शिकवायला गावात त्यांच्याइतकं योग्य दुसरं कोणी नाही.

गाण्यांची निवड सैल सोडली आहे, ते बरं झालं. भूपातल्या पाच स्वरांच्या रचना, कोळीगीतं, पोवाड्याची चाल, चित्रपटगीतं, एखादं इंग्रजी मार्च, सगळ्याला जागा आहे. लष्करी बँडही काही सोवळं पाळत नाहीत. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये २०२२ साली 'अबाइड विथ मी' हे जुनं स्तोत्र वगळून 'ऐ मेरे वतन के लोगो' घेतलं गेलं. ती चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, १९६३ सालची. त्या बदलावर वाद झाला. मला दोन्ही चाली आवडतात. मुलांना दोन्ही ऐकवाव्यात आणि कुठली वाजवायला अवघड ते त्यांनाच विचारावं.

मूल्यमापनाबद्दल एवढंच सांगतो की इथे बँडला गुण नाहीत, प्रत्येक मुलाला आहेत. प्रत्येकानं सत्रातून एकदा एकट्यानं, सर्वांसमोर, आठ मात्रा वाजवून दाखवायच्या. घोळक्यात लपलेलं मूल त्यात सापडतं; त्याला ओरडण्यासाठी नव्हे, त्याचं कुठे अडलं आहे ते कळावं म्हणून ही परीक्षा. साठ मुलांच्या बँडमध्ये पंधरा नुसती हात हलवत असतात, हे सगळ्या बँडमास्तरांना ठाऊक असतं.

खर्चाचा तक्ता शेवटी आहे. त्यात गणवेश तिसऱ्या वर्षी टाकला आहे. यावरून काही संस्थाचालक नाराज होतील, कारण पालकांना आणि देणगीदारांना सोनेरी झालरीचा कोट आणि तुरा दिसतो, रीडचं खोकं दिसत नाही. तरी तो क्रम बदलू नये. पहिल्या दोन वर्षांचा पैसा वाद्यं, दुरुस्ती आणि निदेशकाचं मानधन यांतच जायला हवा.

मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे. ही पुस्तिका बँडच्या सरांकडे देण्याआधी वेळापत्रक उघडा आणि सहावी ते आठवीला आठवड्यातून दोन तासिका बँडच्या नावानं लिहा. शाळा सुटल्यानंतरच्या नकोत. तेव्हा एसटीनं जाणारी मुलं निघून जातात आणि बँड गावातल्या मुलांचा होतो. या दोन तासिका मिळणार नसतील, तर पुढची पानं वाचण्यात सरांचा वेळ घालवू नका.